तुझ्याआधी एक मुलगा होता

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ४२ वर्षांची आहे, ठाण्यात राहते. माहेर मिरजेचं. दोन वर्षांपूर्वी बाबा हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, दवाखान्यात नेल्यावर तासाभरात. तेव्हापासून आई माझ्याकडे असते. ती ६८ वर्षांची. हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, त्यामुळे माझ्याबरोबर इंग्रजी मालिका आवडीनं बघते. गेल्या महिन्यात आम्ही ‘दिस इज अस’ लावली. आई शेजारी मटार सोलत बसली होती. पहिल्याच भागात तिळ्यांपैकी तिसरं बाळ जातं आणि डॉक्टर बाहेर येऊन बापाला सांगतात. आईचे हात थांबले. म्हणाली, ‘त्याला बघू तरी दिलं का तिला?’ मी म्हटलं, दाखवतील पुढे. ती ताट तसंच ठेवून आत गेली.

रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, ‘तुझ्याआधी एक मुलगा होता. आठवा लागला होता.’ मी ताडकन उठून बसले, तर म्हणाली, ‘आता तो विषय नको.’

दुसऱ्या दिवशी मी मावशीला फोन केला. मूल पोटातच गेलं होतं. आईला दाखवलं नाही. बाबा आणि मामा त्याला घेऊन गेले आणि पुरून आले. नंतर घरात कुणी विषय काढला नाही. मी पोटात असताना आईनं डोहाळजेवण करू दिलं नाही, झबली-कुंचीसुद्धा आधी शिवू दिली नाहीत. दर मार्गशीर्षात आई आठवडाभर गप्प असायची, आम्ही म्हणायचो तिला थंडी बाधते. मावशी म्हणाली, ते मार्गशीर्षातलंच.

ज्या बाबांना मी देव मानत होते त्यांचा आता राग येतो, आणि त्यांना विचारायची सोय नाही. आईचाही राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते. आजवर मी या घरातली थोरली होते. मी त्याच्या जागी आणलेली आहे का? आईला सगळं विचारू का? पुण्यातल्या धाकट्या भावाला सांगू का? आणि ही मालिका बंद करू का? काल आई स्वतःच म्हणाली, ‘ते पुढचं लाव ना.’

– थोरली, ठाणे


प्रिय थोरली,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. उत्तरं देतेच, पण पत्रात पाचवा प्रश्न आहे आणि तो तुमच्या आईचा आहे: ‘त्याला बघू तरी दिलं का तिला?’ मूल कशानं गेलं, चूक कुणाची, वाचलं असतं का, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. बघू दिलं का, एवढंच विचारलं. चाळीसहून अधिक वर्षं तिचं नेमकं काय राहून गेलं आहे, ते तिनं तुम्हाला सांगून टाकलं. पुढे जे काही कराल ते या वाक्याला धरून करा.

मालिका न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ‘दिस इज अस’ ही अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीची मालिका, डॅन फोगलमन यांची. २०१६ ते २०२२ अशी सहा पर्वं, १०६ भाग चालली. पिट्सबर्ग शहरात १९८० सालच्या ऑगस्टमध्ये रिबेका पिअर्सनला तिळी व्हायची असतात. दोन सुखरूप होतात, तिसरा मुलगा जातो. डॉक्टर कॅटोव्स्की हे म्हातारे गृहस्थ तिच्या नवऱ्याला, जॅकला, ते सांगतात. आपलंही पहिलं मूल असंच गेल्याचं सांगतात. त्याच दिवशी अग्निशमन केंद्राच्या दाराशी कुणीतरी सोडून गेलेलं एक कृष्णवर्णीय तान्हं मूल त्याच इस्पितळात आणलेलं असतं. जॅक आणि रिबेका त्याला घरी नेतात. तीन मुलं घरी न्यायची होती, तीन नेली. बाहेरून हिशेब जुळलेला दिसतो. पुढची सहा पर्वं तो आतून कसा जुळत नाही, याची आहेत.

तिसऱ्या भागाचं नावच ‘काइल’ आहे. केट, केविन, काइल अशी तीन नावं आधी ठरलेली असतात, म्हणून घरी आणलेल्या बाळालाही काइलच म्हणायला लागतात. रिबेकाचा त्या बाळाशी जीव जुळत नाही. शेवटी ती त्याच्या जन्मदात्या बापाला, विल्यमला, शोधून काढते. तो म्हणतो, मुलाला त्याचं स्वतःचं नाव द्या. डडली रँडल या कवीच्या कवितांचं पुस्तक तो तिला देतो, आणि मुलाचं नाव रँडल होतं. पण विल्यम कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक आहे ही गोष्ट रिबेका त्या मुलापासून छत्तीस वर्षं लपवते.

‘मी त्याच्या जागी आणलेली आहे का?’ हा तुमचा प्रश्न अनेक मुलांचा असतो. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ चा. बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला त्याच्या आईला मृत मुलगा झाला होता, आणि त्याचंही नाव व्हिन्सेंटच होतं. वडील ज्या चर्चचे पाद्री होते त्याच्याच आवारात त्या बाळाचं थडगं होतं. म्हणजे हा मुलगा स्वतःचं नाव कोरलेल्या दगडाच्या आसपास लहानाचा मोठा झाला. आपल्याकडे वेगळी रीत होती. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू, कचरू असं ठेवायचे. मृत्यूनं याला टाकाऊ समजावं आणि सोडून द्यावं म्हणून. तुमच्या घराण्यात मागे असं एखादं नाव असेल, तर त्याच्याआधी कुणीतरी गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

आता मावशीनं सांगितलेलं परत वाचा. तुमच्या वेळी डोहाळजेवण नाही, झबलं नाही, कुंची नाही. मला यात बदली दिसत नाही, धास्ती दिसते. पहिल्या वेळी सगळं झालं असणार. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, ओटी, कपाटात घडी घालून ठेवलेले इवलेसे कपडे. त्या कपड्यांचं पुढे काय झालं, ते कुणी उचलले, हे तिनं पाहिलं असेल किंवा तेही तिला पाहू दिलं नसेल. दुसऱ्या खेपेला तिनं सुई हातात घ्यायचीही हिंमत केली नाही, कारण तुम्ही हव्या होतात. आणि थोरल्या तुम्हीच आहात. धाकट्याला बोटाला धरून शाळेत नेणं, बाबा गेल्यावर आईला घरी आणणं, हे थोरलेपण तुम्ही निभावलंय. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

तो जगला असता तर आपण कदाचित जन्मलोच नसतो, हा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. तो मैत्रिणीला सांगा, आईला नको. गेलेल्या बाळाबद्दल आई बोलायला लागली की मुलं पटकन म्हणून जातात, ‘मग मी झालेच नसते.’ आई तिथेच थांबते. त्यानंतर त्या बाळासाठी रडायचं म्हणजे समोरच्या लेकीला नको म्हटल्यासारखं तिला वाटतं.

तिनं इतकी वर्षं का सांगितलं नाही, याबद्दल. त्या वयाच्या बायकांशी या विषयावर बोलताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे: त्या सुरुवात दुधापासून करतात. मूल गेलं हे मनाला सांगितलेलं असतं, अंगाला कुणी सांगितलेलं नसतं. आठव्या महिन्यात मूल गेलं तरी दोन-तीन दिवसांत पान्हा येतोच. छाती दगडासारखी घट्ट होते, ताप भरतो, ब्लाउज भिजतो. मग घरातली मोठी बाई जुन्या धोतराची लांब पट्टी फाडून छाती करकचून बांधते, आणि बांधता बांधता सांगते, रडू नकोस, रडलीस की जास्त येईल. म्हणजे रडायचीसुद्धा सोय नाही. आठ-दहा दिवसांनी दूध आटतं. पट्टी निघते, धुऊन वाळत पडते, आणि घराच्या लेखी प्रकरण संपतं. बाई पुन्हा स्वयंपाकाला लागते. तुमच्या आईचंही असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण तिचं अंग बाळंतीण झालेलं होतं, एवढं नक्की. बाळंतिणीला मिळतं ते, शेक, डिंकाचे लाडू, धुरी, कौतुकाला येणाऱ्या बायका, यातलं तिला काय मिळालं असेल?

शोक करायची जी रीत आपल्याकडे आहे, तीही तिच्या वाट्याला आली नाही. दात न आलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. मोठं माणूस गेलं की लोक येतात, पिठलं-भात घेऊन येतात, ‘कसं झालं हो?’ विचारतात. तेच ते दहा वेळा सांगावं लागतं आणि सांगता सांगता मन थोडं हलकं होतं. बाबांच्या वेळी तुम्ही हे पाहिलंय. बाळाच्या वेळी कुणी ‘कसं झालं’ विचारलं नसणार. ‘विसरून जा, पुढचं होईल’ एवढंच म्हटलं असणार. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८०च्या दशकात अशा दुःखाचा विचार मांडला: ज्याचा शोक करायचा हक्कच भोवतालची माणसं मान्य करत नाहीत, ते दुःख. बाईला कुणी गप्प बस म्हणावंही लागत नाही. आपण रडावं असं काही घडलंच नाही, असं तीच स्वतःला सांगायला लागते.

आणि हे काही क्वचित घडणारं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे १९ लाख बाळं अठ्ठावीस आठवडे उलटल्यावर पोटात किंवा जन्मताना जातात, आणि देशवार संख्या बघितली तर सर्वांत जास्त भारतात. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या नात्यात अशी एखादी काकू, आत्या, आजी असेल.

मूल दाखवायचं नाही, हे मात्र दुष्टपणानं झालेलं नव्हतं. त्या काळात अमेरिकेत आणि युरोपातही अनेक इस्पितळांत गेलेलं मूल चटकन नजरेआड करायचे. बघितलं तर आई खचेल असं डॉक्टरांनाही मनापासून वाटायचं. आता बऱ्याच ठिकाणी आईवडिलांना विचारतात. हवं असेल तर मूल कपड्यात गुंडाळून हातात देतात, पायाचे ठसे काढून देतात. तुमच्या आईला कुणी विचारलं नाही, हा माझ्या मते त्यातला खरा अन्याय. नको म्हणायचा अधिकारही तिचाच होता.

आता बाबा. मालिकेतल्या जॅकला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, असा बाप असावा म्हणून. त्याच जॅकनं बायकोला सांगितलेलं असतं, की आपला धाकटा भाऊ निकी व्हिएतनाममध्ये मेला. निकी मेलेला नसतो. तिथे त्याच्या हातून एका लहान मुलाचा जीव जातो आणि जॅक त्याच्याशी संबंधच तोडतो. जॅक गेल्यावर कितीतरी वर्षांनी केविन त्या काकाचा माग काढतो. म्हातारा, एकटा, एका ट्रेलरमध्ये राहत असलेला. आपल्या बापानं हे केलं, हे मुलांना पचवावं लागतं. लेखकांनी जॅकचं खोटं पुसून टाकलं नाही आणि त्याचं बापपणही कमी केलं नाही, हे मला त्या मालिकेतलं सर्वांत खरं वाटतं.

तुमच्या बाबांना मी निर्दोष ठरवणार नाही. त्यांनी आईला विचारायला हवं होतं, तेव्हा नाही तर नंतरच्या चाळीस वर्षांत तरी. पण हेही खरं, की त्या दिवशी मूल हातात घेऊन गेले ते बाबा आणि मामा. ऐन तिशीच्या आतला एक माणूस कापडात गुंडाळलेलं आपलं पहिलं मूल पुरून संध्याकाळी घरी आला, आणि त्याला ‘आता तिला सांभाळ’ एवढंच सांगितलं गेलं असणार. तोही कुणापाशी रडला नसेल. राग येऊ द्या, तो खरा आहे. फक्त तो आईपुढे काढू नका. तिनं त्याच माणसाबरोबर संसार केला आणि दोन वर्षांपूर्वी त्याला गमावलं. तुम्ही बाबांना बोल लावलात तर ती त्यांची बाजू घेण्यात गुंतेल आणि बाळाबद्दलचं बोलणं तिथेच थांबेल. बाबांना एक पत्र लिहा. त्यात जे म्हणायचंय ते सगळं म्हणा. ते कुणाला दाखवायची गरज नाही.

मामांकडे मात्र असं काही आहे, जे आईला हवं असू शकतं. मूल कसं होतं, हे सांगू शकणारं आता तेच एक माणूस उरलं आहे. जावळ होतं का, रंग कुणावर गेला होता, कशात गुंडाळलं होतं, कुठल्या झाडाजवळ ठेवलं. बाहेरच्याला या बारीकसारीक गोष्टी वाटतील. ज्या आईनं मूल पाहिलंच नाही, तिच्याकडे त्याचं रूप म्हणून काहीसुद्धा नाही. तिच्यासाठी यातली एकेक गोष्ट मोठी आहे. तरी मामांना परस्पर विचारू नका. मावशीला फोन केलात, त्या रात्री तुम्हाला दुसरं काय सुचणार होतं, पण इथून पुढे आईच्या मागे चौकशी नको. हे जे काही कळायचं ते आधी आईला कळायला हवं. ती बोलती झाली तर कधीतरी विचारा, ‘मामानं बघितलं होतं. त्याला विचारूया का?’ ती नको म्हणाली तर सोडून द्या, पुन्हा काढू नका. हो म्हणाली तर तिला घेऊन मामांकडे जा. फोनवर हे बोलणं होणार नाही. आणि मामांचं वय बघता ‘उन्हाळ्यात बघू’ असंही करू नका.

आईला सगळं विचारू का, म्हणता. सगळं नको. एकदाच आणि एकच वाक्य: ‘आई, त्या रात्री तू बाळाबद्दल बोललीस. कधी सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचंय.’ समोर बसवून, हात हातात घेऊन म्हणू नका. गवार मोडताना, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणा. हात कामात असले आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नसला की त्या पिढीच्या बायकांना बोलणं सोपं जातं. म्हणून झालं की गप्प बसा. ती काही न बोलता ताट उचलून आत गेली तर मागोमाग जाऊ नका. पहिल्या वेळीही ती आत गेली होती, आणि रात्री आपण होऊन बोलली.

कधी बोलली, तेही बघा. दिवा मालवल्यावर. अंधारात तोंड दिसत नाही, समोरच्याचा धक्का दिसत नाही. तुम्ही ताडकन उठून बसलात आणि ती बिचकली. ‘आता तो विषय नको’ हे वाक्य त्यानंतरचं आहे. म्हणून मी त्याचा अर्थ ‘कधीच नको’ असा घेत नाही. पुढच्या वेळी अंधारात काही बोलली तर आडव्याच राहा. ‘हं’ म्हणा. तिचं वाक्य संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. मध्ये बराच वेळ शांततेत गेला तर जाऊ द्या. ती थोडी मोकळी झाली आहे असं वाटलं तर एक विचारता येईल, ‘नाव ठरवलं होतंस का त्याचं?’ ‘ते प्रकरण’, ‘तो प्रसंग’ असं म्हणू नका. बाळ म्हणा, तो म्हणा.

‘देवाची मर्जी’, ‘काहीतरी व्यंग असेल, गेलं ते सुटलं’, ‘आता किती वर्षं झाली त्याला’ हे सगळं तिनं तेव्हाच ऐकून घेतलेलं आहे, तुमच्या तोंडून पुन्हा नको. डॉक्टर कॅटोव्स्कीचं ते गाजलेलं बोलणंही नको, आयुष्यानं आंबट लिंबू दिलं तरी त्याचं सरबतासारखं काहीतरी करता येतं, या अर्थाचं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मला ते त्या प्रसंगात फार घाईचं वाटतं. जॅकला आधार मिळतो तो त्या लिंबापेक्षा एका म्हाताऱ्या माणसानं ‘माझंही गेलं होतं’ म्हटल्यानं.

यातून आईला काही करावंसं वाटलं तर ते तिनं सुचवू दे. कुणी सर्वपित्रीला एक पान वाढतं, कुणी मार्गशीर्षात एखाद्या सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागात झबली-टोपडी देऊन येतं, कुणाला फक्त ती जागा बघायची असते. कुणाला यातलं काहीच नको असतं. तुम्ही आधीच पूजा ठरवून, फोटोची चौकट आणून तिच्यापुढे ठेवू नका. एक माहिती हाताशी असू द्या: १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृतजन्माचीही नोंद करायची असते. जुन्या नोंदवहीत ती एक ओळ सापडू शकते. घरीच बाळंतपण झालं असेल किंवा कुणी कळवलंच नसेल तर सापडणार नाही. आईनं म्हटलं तरच शोधा. ओळ न सापडण्याचं दुःख तिला उगाच नको.

मालिका बंद करू नका. ‘ते पुढचं लाव ना’ असं तीच म्हणाली आहे. रिमोट तिच्या हातात द्या आणि पुढे काय येणार आहे ते तिला आधी सांगा, गंमत गेली तरी चालेल. दुसऱ्या पर्वाच्या आठव्या-नवव्या भागात केटचा गर्भ जातो आणि रिबेका लेकीजवळ येते. ते भाग तिला बघायचे असतील, नसतीलही. चौदाव्या भागात जॅक जातो. घराला आग लागते, तो सगळ्यांना बाहेर काढतो, स्वतःही बाहेर येतो, आणि मग इस्पितळात, आता सगळं ठीक आहे असं वाटत असताना, धुराच्या परिणामानं हृदय बंद पडून जातो. रिबेका तेव्हा बाहेर यंत्रातून चॉकलेट घेत असते. डॉक्टर सांगतात आणि तिच्या डोक्यात ते शिरतच नाही. ती चॉकलेटचा घास तोडते. तुमचे बाबा कसे गेले ते तुम्ही लिहिलंय. हा भाग आईपुढे अचानक येता कामा नये, आणि तुम्हीही तो एकटीनं रात्री बघू नका. शेवटच्या पर्वांत रिबेकाची स्मृती जाते, तेही ६८ वर्षांच्या बाईला जड जाईल. कुठेही थांबावंसं वाटलं तर थांबा.

मालिकेसारखं आपल्या घरी होईल, अशी वाट मात्र बघू नका. तिथे प्रत्येक गुपित एका दमात बाहेर येतं, लांब भाषण होतं, मागे हळुवार गिटार वाजते आणि भाग संपेपर्यंत माणसं एकमेकांच्या मिठीत असतात. तुमच्या आईनं दोन वाक्यं सांगितली आणि कूस बदलली. कदाचित पुढची दोन येत्या मार्गशीर्षात येतील, कदाचित एवढ्यावरच राहील. ती दोन वाक्यंही तिनं नवऱ्याशिवाय आणि बहिणीशिवाय दुसऱ्या कुणाला सांगितली नसावीत. ती तुम्हाला सांगितली आहेत.

तिची झोप उडाली, जेवण तुटलं, दिवसचे दिवस ती कुणाशी बोलेनाशी झाली किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र असते, मराठीतही बोलता येतं. तुम्हाला स्वतःलाही तिथे फोन करता येईल. तुमचाही भाऊ गेला आहे, कळलं मात्र आता.

धाकट्याला सांगायचं की नाही, हे आईनं ठरवायचं. ‘मीच सांगेन’ म्हणाली तर तिच्या सवडीनं सांगू दे, मध्ये ढोसू नका. ‘तूच सांग’ म्हणाली तर फोनवर नको, पुण्याला जाऊन सांगा. ‘नको’ म्हणाली तर तुम्हाला ते जड जाईल, तरी नको. पण मावशीला विचारल्याचं आईला तुम्ही स्वतः सांगा, आणि लवकर सांगा. रँडलला आईचं गुपित तिच्याकडून न कळता दुसरीकडून कळतं, आणि त्याला फार राग येतो. तुमच्या घरात आता तशीच गोष्ट उलट्या बाजूनं घडू शकते. मावशीलाही आजच फोन करून सांगा, की आईचा कौल येईपर्यंत तिनं हे मामांपाशी किंवा तुमच्या भावापाशी काढू नये.